फेसाखालचे वासे

खाल्ल्या घरचे वासे मोजणे हे आपल्याकडे कृतघ्नपणाचे लक्षण मानले जाते. इंग्लंडमध्ये मात्र लोकांच्या घरी जाऊन वासे पाहणे, ते टोचून बघणे आणि त्यांविषयी लेखी अभिप्राय देणे हा एक प्रतिष्ठित व्यवसाय आहे. घरासाठी कर्ज मागणाऱ्याची मिळकत कितीही चांगली असली, तरी या माणसाचा अभिप्राय अनुकूल नसेल तर कर्ज मिळणे कठीण होते.

२०२० नंतरच्या काही वर्षांत या अभिप्रायाने ब्रिटनमधील अनेक घरमालकांना अडचणीत आणले. त्यांची घरे पडकी नव्हती. उलट, घर ऊबदार राहावे आणि इंधनाचा खर्च कमी व्हावा म्हणून त्यांनी पदरचे पैसे घालून छपराला आतल्या बाजूने पॉलियुरेथेनचा फेस मारून घेतला होता. पुढे घर विकायची वेळ आली, तेव्हा त्याच फेसामुळे खरेदीदाराला कर्ज मिळेना आणि कर्ज मिळत नाही म्हणून घर विकले जाईना.

वरवर पाहता हा सावकार आणि ऋणको यांच्यातला व्यवहार आहे. पण त्याच्या मुळाशी बाष्पाचे सांद्रीभवन, लाकूड कुजवणारी बुरशी आणि एका बहुवारिकाची रासायनिक घडण या गोष्टी आहेत. या सर्वांचा परिचय शाळेतील विज्ञानात होतच असतो. त्या एकत्र येऊन माणसाच्या आयुष्यातील सर्वांत मोठ्या खरेदीवर कशा परिणाम करतात, ते समजण्यासाठी थोडा इतिहास पाहावा लागेल.

कर्ज देणारे आणि वासे पाहणारे

घरासाठी कर्ज देणाऱ्या इंग्लंडमधील संस्थांची सुरुवात मोठ्या बँकांतून झाली नाही. १७७५ मध्ये बर्मिंगहॅम येथे रिचर्ड केटली याच्या खाणावळीत जमणाऱ्या काही मंडळींनी अशी पहिली ज्ञात संस्था काढली. तिची रीत आपल्याकडील भिशीसारखी होती. सभासदांनी ठरावीक रक्कम जमा करायची आणि साठलेल्या पैशातून एकेका सभासदाचे घर उभे करायचे. सर्वांची घरे झाली की संस्था विसर्जित करायची. पुढे अशा संस्था कायमस्वरूपी झाल्या, त्यांच्यासाठी कायदे झाले आणि विसाव्या शतकात सामान्य नोकरदार माणूस पंचवीस वर्षांच्या मुदतीने कर्ज काढून घर घेऊ लागला.

पंचवीस वर्षे हा मोठा काळ आहे. ऋणकोची नोकरी जाईल, तो आजारी पडेल, कदाचित मरेलही. अशा वेळी संस्थेच्या हाती उरते ते फक्त तारण, म्हणजे घर. म्हणून कर्ज देणाऱ्यापुढे दोन प्रश्न असतात. आज हे घर विकले तर किती रक्कम येईल? आणि कर्जाची मुदत संपेपर्यंत ते घर धडपणे उभे राहील काय? या प्रश्नांची उत्तरे देण्याचे काम सर्वेक्षकाचे. या व्यवसायाची ब्रिटनमधील प्रमुख संस्था १८६८ मध्ये स्थापन झाली. 'रॉयल इन्स्टिट्यूशन ऑफ चार्टर्ड सर्व्हेयर्स' या तिच्या आजच्या नावापेक्षा तिचे आद्याक्षरी नाव 'आरआयसीएस' हेच अधिक प्रचलित आहे.

सर्वेक्षकाने छपरात डोकावून पाहणे किती महत्त्वाचे आहे, हे १९८९ मध्ये हाऊस ऑफ लॉर्ड्सपुढे आलेल्या 'स्मिथ विरुद्ध बुश' या खटल्यातून दिसले. एका घराच्या खालच्या मजल्यांवरील धुराड्याचा भाग पूर्वीच्या मालकाने काढून टाकला होता. सर्वेक्षकाला ते दिसले, पण माळ्यावरच्या उरलेल्या धुराड्याला खालून आधार ठेवला आहे की नाही, हे त्याने पाहिले नाही. मोठी दुरुस्ती आवश्यक नाही, असा अहवाल त्याने दिला. सुमारे दीड वर्षाने त्या धुराड्याच्या विटा छप्पर फोडून घरात कोसळल्या. सर्वेक्षकाला काम कर्ज देणाऱ्या संस्थेने दिलेले असले, तरी खरेदी करणाऱ्याविषयीही त्याची जबाबदारी आहे, असा निकाल लागला. माळ्यावर न पाहता 'सारे ठीक आहे' असे लिहिण्याची किंमत त्यानंतर प्रत्येक सर्वेक्षकाला ठाऊक झाली. ही गोष्ट ध्यानात ठेवून आता त्या माळ्यावरच जाऊ.

छप्पर कोरडे कसे राहात असे

इंग्लंडमधील जुन्या घराचे छप्पर आपल्याकडील कौलारू घरापेक्षा फार वेगळे नसते. आढ्यापासून वळचणीपर्यंत उतरते वासे, त्यांवर आडव्या रिपा आणि रिपांवर कौले किंवा पाटीच्या दगडाचे पातळ तुकडे. विसाव्या शतकाच्या मध्यापासून कौलांच्या खाली डांबरी फेल्टचा थर घालण्याची पद्धत रूढ झाली.

असे छप्पर पूर्णपणे जलाभेद्य कधीच नव्हते. वाऱ्याबरोबर थोडे पाणी आत यायचेच. पण फटींतून वाराही यायचा आणि ओल सुकवून टाकायचा. शिवाय घरात कोळशाची शेगडी पेटलेली असे. तिच्या धुराड्यातून गरम हवा सतत वर जाई आणि स्वयंपाकाची, कपड्यांची व माणसांच्या श्वासाची वाफ आपल्याबरोबर बाहेर नेई. कोकणातल्या घरात चुलीची धग आणि धूर वासे कोरडे ठेवतात, आणि पावसाळ्यापूर्वी घर शाकारताना कौले उतरवली की प्रत्येक वासा व रीप नजरेखालून जाते. म्हणजे वारा, ऊब आणि नजर या तिन्ही गोष्टी लाकूड राखत असतात.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमध्ये पहिल्या दोन गोष्टी बदलल्या. डिसेंबर १९५२ मध्ये लंडनवर पसरलेल्या विषारी धुक्याने हजारो माणसे दगावली. त्यानंतर १९५६ मध्ये हवा शुद्ध राखण्याचा कायदा आला आणि कोळशाच्या शेगड्या हळूहळू मागे पडल्या. त्यांच्या जागी गॅसवर चालणारी तापनव्यवस्था आली. धुराडी बुजवण्यात आली, खिडक्यांच्या फटी बंद झाल्या. १९७३ मध्ये खनिज तेलाच्या किमती भडकल्यावर उष्णता वाचवणे हा राष्ट्रीय प्रश्न बनला. १९७८ मध्ये खास कायदा करून माळ्यावर उष्णतारोधक थर घालण्यासाठी अनुदान देण्यात येऊ लागले. काचतंतूंची किंवा खनिज लोकरीची जाड गादी माळ्याच्या जमिनीवर, म्हणजे खालच्या खोलीच्या छतावर, अंथरायची ही त्याची पद्धत. या गादीची शिफारस केलेली जाडी वाढत वाढत आज २७० मिलिमीटरपर्यंत गेली आहे.

गादीमुळे खोल्या ऊबदार झाल्या. पण खालची उष्णता वर जाईनाशी झाल्याने माळा पूर्वीपेक्षा थंड झाला आणि इथेच बाष्पाचा प्रश्न उभा राहिला.

एक छोटा हिशेब

२० अंश सेल्सिअस तापमानाच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त १७.३ ग्रॅम बाष्प मावते. घरातील सापेक्ष आर्द्रता ५० टक्के धरली, तर प्रत्यक्षात सुमारे ८.६ ग्रॅम बाष्प असेल. ही हवा दिव्याच्या भोकांतून, माळ्याच्या झडपेच्या फटीतून वर गेली आणि २ अंश तापमानाच्या फेल्टला जाऊन भिडली, तर काय होईल? २ अंशाच्या हवेत घनमीटरमागे सुमारे ५.६ ग्रॅमच बाष्प मावते. म्हणजे प्रत्येक घनमीटर हवा सुमारे ३ ग्रॅम पाणी मागे टाकेल. समजा, ताशी १० घनमीटर हवा वर जात आहे. बारा तासांच्या हिवाळी रात्रीत १२० घनमीटर हवेतून ३६० ग्रॅम पाणी सांडेल. हा हिशेब ढोबळ आहे, पण एका रात्रीत पेलाभर आणि महिन्यात दहा लिटरच्या आसपास, एवढा अंदाज त्यातून येतो.

हे पाणी लाकडात मुरते. लाकडाच्या कोरड्या वजनाच्या तुलनेत पाण्याचे प्रमाण २० टक्क्यांच्या खाली राहिले, तर लाकूड शेकडो वर्षे टिकते. ते दीर्घकाळ त्याच्या वर राहिले की बुरशीला वाव मिळतो आणि ३० टक्क्यांच्या आसपास तर तिची चंगळ होते. बुरशीचे तंतू लाकडातील सेल्युलोज पचवतात. बाहेरून आकार तसाच राहतो, पण वासा भार पेलण्याचे सामर्थ्य गमावतो.

यावरचा उपाय सोपा होता. वळचणीपाशी दोन्ही बाजूंना अखंड फट ठेवायची आणि माळ्यावर आरपार वारा खेळू द्यायचा. बाष्पाच्या सांद्रीभवनाविषयीचे ब्रिटिश मानक, बीएस ५२५०, हे १९७५ मध्ये प्रथम प्रसिद्ध झाले. पुढे इमारतविषयक नियमांतही छपराच्या वायुवीजनाचा समावेश झाला. नेहमीच्या उतरत्या छपराला १० मिलिमीटर रुंदीची अखंड फट पुरते. थंड माळा असेल तर तो हवेशीर असलाच पाहिजे, हा धडा असा दोन पिढ्यांच्या अनुभवातून शिकला गेला.

फेसाचा जन्म

आता दुसऱ्या पात्राकडे वळू. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शार्ल-अडॉल्फ व्युर्ट्झ याने आयसोसायनेट या गटातील संयुगे प्रथम तयार केली. सुमारे नव्वद वर्षे त्यांचा मोठा औद्योगिक उपयोग कुणी केला नाही. १९३७ मध्ये जर्मनीतील लेव्हरकूझेन येथे ऑटो बायर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दोन आयसोसायनेट गट असलेले रेणू आणि दोन किंवा अधिक हायड्रॉक्सिल गट असलेले रेणू एकमेकांत गुंफून लांब साखळ्या बनवल्या. या बहुवारिकाचे नाव पॉलियुरेथेन. बायर या कारखानदार घराण्याशी ऑटो बायरचे नाते नव्हते; आडनाव तेवढे सारखे.

आयसोसायनेटला पाण्याचे वावडे असते. पाण्याशी संयोग झाला की कार्बन डायऑक्साइड वायू सुटतो. सुरुवातीच्या नमुन्यांत असेच काहीसे होऊन बुडबुडे अडकत आणि नमुना बिघडे. असला पदार्थ फार तर छिद्रे असलेल्या स्विस चीजची नक्कल करायला उपयोगी पडेल, असा शेरा एका परीक्षकाने मारल्याची गोष्ट रसायनशास्त्रज्ञांत सांगितली जाते. पण बुडबुड्यांत अडकलेला वायू हा उष्णतेचा अत्यंत मंद वाहक आहे, आणि बिघाड वाटणारा गुण हाच या पदार्थाचा मुख्य उपयोग ठरला. शीतपेट्यांच्या भिंती, गाद्या आणि वाहनांच्या बैठका यांत तो सर्वत्र दिसू लागला.

छपरावर मारायच्या फेसासाठी दोन द्रव वेगवेगळ्या पिंपांत ठेवतात. ते गरम करून स्वतंत्र नळ्यांतून एकाच तोटीत आणतात आणि मिसळताच फवारतात. काही सेकंदांत मिश्रण फुगते आणि चिकटून घट्ट होते. त्याचे दोन प्रकार आहेत. बंद कोशांच्या फेसात प्रत्येक बुडबुडा स्वतंत्र असतो. मूळ द्रवाच्या सुमारे तीस पट फुगणारा हा फेस कडक असतो आणि त्याची घनता घनमीटरला ३० ते ४० किलोग्रॅम असते. तो बाष्प सहजी जाऊ देत नाही. उघड्या कोशांच्या फेसात बुडबुड्यांच्या भिंती फुटलेल्या असतात. तो सुमारे शंभर पट फुगतो, स्पंजासारखा मऊ असतो आणि त्यातून बाष्प आरपार जाते. उष्णतारोधनात बंद कोशांचा फेस खनिज लोकरीपेक्षा सरस आहे. उघड्या कोशांचा साधारण तिच्या बरोबरीचा.

आयसोसायनेट म्हटल्यावर भोपाळची आठवण होणे स्वाभाविक आहे. डिसेंबर १९८४ मधील दुर्घटनेतील मिथिल आयसोसायनेट ३९ अंशांनाच उकळणारा द्रव आहे. फेसासाठी वापरतात ते त्याच गटातले असले, तरी मोठ्या व जड रेणूंचे असते आणि सहज बाष्प होत नाही. तरीही फवारताना उडणारे तुषार श्वासावाटे गेल्यास दमा जडू शकतो. म्हणून कारागिराने योग्य मुखवटा वापरावा लागतो आणि फेस पुरता घट्ट होईपर्यंत घरातल्यांना बाहेर राहावे लागते.

फेस फुगवण्यासाठी पूर्वी क्लोरोफ्लुरोकार्बन वायू वापरत. १९८७ च्या माँट्रियल करारानंतर त्यांची जागा आधी ओझोनला कमी अपायकारक आणि मग जवळजवळ निरुपद्रवी पदार्थांनी घेतली. या मालिकेतील एचसीएफसी-१४१बी या द्रवाचा वापर भारताने १ जानेवारी २०२० पासून बंद केला. म्हणजे फेसातील एक दोष विज्ञानाने ओळखला आणि दूरही केला. ब्रिटनमधील छपरांचा प्रश्न मात्र फेसाच्या रसायनात नव्हता. तो फेस कुठे मारला जातो यात होता.

फेस आणि वासा यांची गाठ

ब्रिटनमध्ये या फेसाचा छपरासाठी उपयोग प्रथम अनेकदा दुरुस्ती म्हणून झाला. जुन्या छपरांचे खिळे गंजतात आणि कौले घसरू लागतात. नवे छप्पर घालण्याऐवजी कौलांच्या खालच्या बाजूला कडक फेस मारला की कौले जागच्या जागी चिकटून बसत. स्वस्त आणि झटपट! मात्र चिकटलेले कौल पुन्हा सुटे होत नाही आणि रीप व वाशाचा माथा फेसात कायमचा बुडतो.

पुढे उष्णतारोधन हेच मुख्य उद्दिष्ट झाले. माळ्याच्या जमिनीवर गादी घालण्याऐवजी वाशांच्या मधल्या जागा फेसाने भरायच्या, म्हणजे माळाही ऊबदार राहतो. नीट आखून केले तर ही पद्धत शास्त्रशुद्ध आहे. नव्या बांधकामात ती विचारपूर्वक वापरली जाते: फेस व छप्पर यांत हवेची फट ठेवतात, किंवा बाष्प जाऊ देणारे आधुनिक आवरण कौलांखाली घालतात, आणि गरज असेल तेथे आतल्या बाजूने बाष्परोधक पडदा लावतात.

अडचण आली ती जुन्या घरांत. डांबरी फेल्ट बाष्प जाऊ देत नाही. त्याला थेट उघड्या कोशांचा फेस मारला, तर घरातील बाष्प फेसातून पार होऊन थंड फेल्टपाशी पोचते आणि तेथे पाणी होते. बंद कोशांचा फेस मारला, तर फेस व लाकूड यांमधील बारीक फटींतून ऊबदार हवा मागे शिरू शकते. फुटक्या कौलातून आलेले पावसाचे पाणी पूर्वी खाली ठिबकून घरमालकाला सावध करी. आता ते फेसाच्या मागे वाशालाच बिलगून राहते. वळचणीच्या फटी फेसाने बुजल्या आणि माळ्याच्या जमिनीवरील जुनी गादीही तशीच ठेवली, तर माळा ना धड ऊबदार ना धड हवेशीर, अशी अवस्था होते.

असे प्रत्येक घरात होते, असे मुळीच नाही. घराची जागा, पावसाचे मान, फेसाचा प्रकार, कारागिराची काळजी आणि घरात किती वाफ तयार होते, यांवर सारे अवलंबून असते. फेस मारलेली अनेक छपरे कोरडीही आहेत. पण कोणते छप्पर कोणत्या वर्गात मोडते, हे ठरवायचे कसे?

दिसत नाही, म्हणून सांगता येत नाही

हाच या साऱ्या प्रकरणाचा गाभा आहे. माळ्यावर गेलेल्या सर्वेक्षकाला वासे दिसत नाहीत. ओलावामापकाच्या सुया लाकडात टोचायला जागा नसते. छप्पर कुजले आहे असा त्याच्याकडे पुरावा नाही, आणि कुजलेले नाही असाही नाही. १९८९ च्या निकालानंतर अंदाजाने 'ठीक आहे' असे लिहिणे त्याला परवडणारे नाही. मग तो मूल्याच्या जागी शून्य लिहितो, किंवा तज्ज्ञाचा अहवाल येईपर्यंत मूल्य सांगता येत नाही, असे कळवतो. येथे शून्याचा अर्थ घर कवडीमोल आहे असा नाही. हाती असलेल्या माहितीवर किंमत सांगता येत नाही, एवढाच आहे. घरमालकाच्या दृष्टीने मात्र परिणाम एकच.

३० सप्टेंबर २०२० रोजी ब्रिटिश सरकारने घरांच्या उष्णतारोधनासाठी 'ग्रीन होम्स ग्रँट' ही अनुदान योजना सुरू केली आणि ३१ मार्च २०२१ रोजी नवे अर्ज घेणे बंद केले. सहा महिन्यांच्या या घाईत आणि तिच्या आगेमागे फेसाचे काम करणाऱ्यांचा मोठा सुळसुळाट झाला. अनेक वृद्ध मालकांना दूरध्वनीवरून गळ घालून काम पटवण्यात आले. त्यांतील कित्येकांना पुढे घर विकून मुलांजवळ जायचे होते, किंवा राहत्या घराच्या तारणावर म्हातारपणासाठी रक्कम उचलायची होती. ते दार अचानक बंद झाले. फेस मारलेल्या घरांची संख्या अडीच लाखांच्या घरात असल्याचे वृत्तांतून सांगितले गेले. ब्रिटनमधील सर्वांत मोठ्या कर्जदात्यांपैकी सुमारे एक चतुर्थांश अशा घरांवर कर्जच देत नाहीत, असे बीबीसीने २०२४ मध्ये केलेल्या पाहणीत आढळले. उरलेल्यांपैकी अनेक जण तज्ज्ञाचा अहवाल मागत.

याच प्रकारच्या दोन जुन्या घटना येथे आठवतात. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये साच्यात ओतलेल्या काँक्रीटच्या भागांची घरे घाईने उभारली गेली. १९८० नंतर ती भाडेकरूंनी सरकारी सवलतीने विकत घेतली, आणि लवकरच आतील पोलाद गंजत असल्याचे उघडकीस आले. बाहेरून धडधाकट दिसणाऱ्या त्या घरांवर कर्ज मिळेना. १९८४ मध्ये खास कायदा करून दुरुस्तीसाठी अनुदान किंवा घराची पुनर्खरेदी असा दिलासा देण्यात आला. ठरावीक पद्धतीने दुरुस्ती करून तिचा दाखला मिळवला की कर्जाचे दार पुन्हा उघडे. दोषाची व्याख्या, तपासण्याची रीत आणि विश्वासार्ह दाखला या तीन गोष्टींनी तो तिढा सुटला.

दुसरी घटना कॅनडातील. १९७० च्या दशकाच्या अखेरीस तेथे सरकारी अनुदानाच्या मदतीने एक लाखाच्या आसपास घरांच्या भिंतींत युरिया-फॉर्माल्डिहाइडचा फेस भरला गेला. हा फेस पॉलियुरेथेनपेक्षा वेगळा. त्यातून फॉर्माल्डिहाइड वायू सुटतो म्हणून डिसेंबर १९८० मध्ये त्यावर बंदी आली. पुढील मोजमापांत, काही वर्षे लोटलेल्या अशा घरांतील वायूचे प्रमाण इतर घरांपेक्षा फारसे वेगळे आढळले नाही. क्वेबेकमधील घरमालकांचा प्रदीर्घ दावाही १९९१ मध्ये फेटाळला गेला. तरीसुद्धा घरविक्रीच्या करारात 'या घरात तो फेस आहे काय?' हा प्रश्न पुढे अनेक वर्षे छापला जात राहिला. एकदा बसलेली भीती मोजमापाने लगेच जात नाही, याचे हे उदाहरण.

ब्रिटनमधील फेसाचे प्रकरण या दोन टोकांच्या मधोमध आहे. काही छपरांत दोष खरा आहे. अनेक छपरांत केवळ शंका आहे. २०२३ मध्ये आरआयसीएसने घरमालकांसाठी मार्गदर्शन प्रसिद्ध केले. इमारत-तपासणी क्षेत्रातील संस्थांनीही फेस मारलेले छप्पर कसे तपासावे, याची ठरावीक पद्धत घालून दिली. फेस कोणत्या प्रकारचा आहे, कुणी मारला, त्याआधी छपराची स्थिती काय होती याच्या नोंदी आहेत काय, हवेची फट राखली आहे काय, हे पाहायचे. आणि ठिकठिकाणी फेसाचे तुकडे कापून काढून खालच्या लाकडाचा ओलावा मोजायचा. ज्या मालकांनी कामाआधीची छायाचित्रे आणि हिशेबाचे कागद जपून ठेवले, त्यांची बाजू बळकट होते. ज्यांच्याकडे काहीच नाही, त्यांना कित्येकदा फेस पूर्ण खरवडून काढावा लागतो. त्याला हजारो पौंड लागतात, आणि कौलांना चिकटलेला कडक फेस असेल तर छप्परच नव्याने घालण्याची पाळी येते.

वर्गात काय करता येईल?

आपल्या विद्यार्थ्यांना ब्रिटनमधील कर्जाशी कर्तव्य नाही, पण त्यामागील विज्ञान त्यांना हाताने अनुभवता येईल. स्टीलच्या पेल्यात पाणी घेऊन त्यात थोडे थोडे बर्फ टाकत ढवळावे. पेल्याच्या बाहेरच्या बाजूवर पहिला ओलसरपणा दिसताच पाण्याचे तापमान वाचावे. तो त्या वेळचा दवबिंदू. पावसाळ्यात आणि हिवाळ्यात हा प्रयोग केल्यास फरक चांगला कळतो. नंतर तशाच पेल्याभोवती अर्ध्या भागावर कापूस घट्ट गुंडाळून प्लॅस्टिकच्या कागदाने बंद करावा आणि उरलेल्या अर्ध्या भागावर नुसताच कापूस गुंडाळावा. तासाभराने दोन्हीकडचा कापूस काढून धातूच्या पृष्ठभागावर बोट फिरवावे. ऊब अडवणारा थर बाष्प अडवतोच असे नाही, हे एका स्पर्शात समजते.

लाकडाच्या ओलाव्यासाठी सुतारकामातील एक ताजी ढलपी आणि एक पाण्यात भिजवलेली ढलपी घेऊन वजन करावे. मग त्या मंद आचेवर, शिक्षकांच्या देखरेखीखाली, वजन स्थिर होईपर्यंत वाळवाव्यात. घटलेल्या वजनाला कोरड्या वजनाने भागून शंभराने गुणले की ओलाव्याचे शेकडा प्रमाण मिळते. सर्वेक्षकाच्या हातातील मापक हीच संख्या विद्युत-रोधावरून काढतो. तो का काढू शकतो, हा प्रश्न वरच्या वर्गातील मुलांपुढे टाकावा.

छपरावर फेस फवारण्याची कामे आपल्या शहरांतही होतात, आणि ती बहुधा उन्हाचा ताप रोखण्यासाठी असतात. आपल्या दमट किनाऱ्यावर उष्णता आणि बाष्प दोन्ही बाहेरून आत येऊ पाहतात. वातानुकूलित खोलीत थंड बाजू आतली असते. म्हणजे इंग्लंडमधील हिशेबाची दिशाच येथे उलटते. तिकडचा निष्कर्ष जसाच्या तसा इकडे लावता येणार नाही. हिशेब मात्र तोच करावा लागेल. आणि थर कोणताही असो, तो चढवण्याआधी खाली काय होते याची नोंद, आणि चढवल्यावर खाली पाहता येईल अशी एखादी झडप, एवढे जरी राखले तरी पुढच्या माणसाला वासे मोजता येतील.